‘वगैरे मंडळी’

जुन्या मराठी वृत्तपत्रांतील सभांचे वृत्तांत ज्यांनीं चाळले असतील त्यांस ‘वगैरे मंडळी’ हा शब्दप्रयोग चांगला परिचयाचा असेल. अध्यक्षस्थानीं अमुक होते, तमुक यांनीं आभार मानले, आणि शेवटीं दोनचार वकिलांचीं व सावकारांचीं नांवें देऊन ‘वगैरे मंडळी हजर होती’ असा समारोप. सभेस दोनशें माणसें असलीं तरी त्यांतील एकशें नव्वद या एका शब्दांत बिनबोभाट मावत. आम्हीं तरुणपणीं या शब्दाची पुष्कळ थट्टा केली; आतां पन्नाशी उलटल्यावर मात्र त्याचा गंभीरपणें विचार करावासा वाटतो. वर्णन करणाराला सर्वांचीं नांवें घेणें शक्य नसतें, हें उघड आहे. परंतु कोणाचें नांव घ्यावयाचें, कोणाची नुसती संख्या सांगावयाची आणि कोणाला ‘वगैरे’ या पोत्यांत भरावयाचें, हें ठरवितांना तो आपलें सारें समाजशास्त्र नकळत उघडें करीत असतो.

आम्ही राहतों त्या नंदुरबार शहरांत याचें एक उदाहरण लहान मुलाच्याही तोंडीं आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजीं येथील मिरवणुकीवर गोळीबार होऊन पांच कोवळीं मुलें बळी पडलीं. त्यांची आठवण सांगतांना बोलणारा बहुधा म्हणतो, ‘शिरीषकुमार आणि त्याचे चार साथीदार.’ लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हीं चार नांवें नोंदलेलीं आहेत, कोणीं दडविलेलीं नाहींत. पण वाक्याच्या रचनेनेंच त्यांचे ‘चार’ होऊन बसले. यांत शिरीषकुमाराचा दोष नाहीं, सांगणाराच्या मनांतही कांहीं वाईट नाहीं. एकाचें नांव घेऊन इतरांना त्याच्या आधारानें उभें करणें ही भाषेची जुनी खोड आहे.

ही खोड एवढ्या स्पष्टपणें आमच्या नजरेस आणून दिली ती मात्र कोणा कादंबरीनें नव्हे, तर एका यंत्रानें. इंग्रजींत ज्यास इंटरॅक्टिव्ह फिक्शन म्हणतात तो वाङ्मयप्रकार आमच्या बहुतेक वाचकांस अपरिचित असेल. आम्ही त्याला येथें ‘संवादकथा’ म्हणूं. यांत चित्र नसतें, आवाज नसतो. पडद्यावर केवळ मजकूर. एका स्थळाचें वर्णन येतें, वाचणारा खालीं एखादी आज्ञा लिहितो (उत्तरेला जा, दार उघड, म्हातारीला विचार) आणि संगणक पुढचा मजकूर दाखवितो. हिचा उगम १९७६ च्या सुमारास विल क्राउदर या अमेरिकन प्रोग्रामरानें केंटकींतील मॅमथ गुहेच्या आपल्या माहितीवर रचलेल्या ‘अॅडव्हेंचर’ या कृतींत आहे. पुढील सालीं डॉन वुड्स यानें तींत मोठी भर घातली. त्या गुहेंत पांच बुटके हिंडत असतात. एकटा समोर आला तर एक दुष्ट बुटका येथें आहे असें वर्णन येतें; दोघे-तिघे आले तर वर्णन तेंच राहतें, फक्त आंकडा बदलतो. प्रत्येक बुटका गुहेंत कोठें आहे हें यंत्राला ठाऊक असतें, पण नांव एकालाही नाहीं. म्हणजे या वाङ्मयाच्या बाल्यावस्थेंतच ‘वगैरे मंडळी’ गुहेंत येऊन बसलेली होती!

पुढें १९८२ सालीं इन्फोकॉम या कंपनीच्या ‘डेडलाइन’ या खुनाच्या कथेंत घरांतील माणसें आपापल्या वेळापत्रकाप्रमाणें या खोलींतून त्या खोलींत जाऊं लागलीं, आणि पात्र म्हणजे सामानापैकीं एक नग ही समजूत कांहींशी ढिली झाली. १९९३ त ग्रॅहम नेल्सन या इंग्रज गणितज्ञानें ‘इन्फॉर्म’ नांवाची रचनाभाषा केली; तिची २००६ सालची सातवी आवृत्ति तर साध्या इंग्रजी वाक्यांत लिहितां येते. लेखकानें ‘अमुक खोली आहे, तींत एक स्त्री आहे’ असें लिहिलें कीं तेंच वाक्य प्रोग्राम होतें. कवीची व्याकरणनिष्ठा आणि गणितज्ञाची काटेकोरी यांचा असा संयोग आमच्या पाहण्यांत दुसरा नाहीं.

या भाषेंत माणसें निर्माण करण्याच्या दोन रीती आहेत. एक, नांव देऊन एकेकाला उभें करणें. दुसरी, एक ‘काइंड’ जाहीर करून त्याचे इतके नग अमुक ठिकाणीं आहेत असें सांगणें. या शब्दाला मराठींत काय म्हणावें, असें आमच्या एका विद्यार्थ्यानें विचारलें तेव्हां आम्हीं ‘प्रकार’ सुचविला. त्याच्या वहींत त्यानें आधींच ‘जात’ असें लिहून ठेविलें होतें. आमची दुरुस्ती सोज्ज्वळ होती, पण त्याचें भाषांतर अधिक खरें होतें, असें आतां वाटतें; कारण दुसऱ्या रीतीनें जन्मलेल्या माणसांचें जें होतें तें जातीवरून ओळखल्या जाणाऱ्या माणसाहून निराळें नाहीं. अशा तीन पहारेकऱ्यांसमोर उभे राहून ‘पहारेकऱ्याला पहा’ अशी आज्ञा दिली तर यंत्र कोणता म्हणून विचारीत नाहीं. उंच पहारेकरी आणि बुटका पहारेकरी असे दोन वेगळे असते तर त्यानें आदबीनें विचारलें असतें, तुम्हांला कोण अभिप्रेत आहे? परंतु तिघे हुबेहूब एक, म्हणून तें वाटेल तो एक उचलतें आणि काम भागवितें. त्याच्याविषयीं लेखकानें कांहीं लिहिलें नसेल तर, यांत विशेष असें कांहीं दिसत नाहीं, असें ठराविक उत्तर देतें. त्याला कांहीं विचारलें तर, उत्तर मिळत नाहीं, हेंही ठराविकच.

आणखी एक नियम तर आम्हांस विलक्षण वाटला. स्थळाचें वर्णन छापतांना यंत्र प्रत्येक वस्तूच्या व माणसाच्या नांवापुढें, याचा उल्लेख झाला कीं नाहीं, अशी खूण ठेवतें. ज्याला स्वतंत्र परिच्छेद लिहिला आहे त्याचा परिच्छेद आधीं येतो. त्या ओघांत दुसऱ्या कोणाचें नांव रीतसर येऊन गेलें तर त्या दुसऱ्याची उल्लेखाची खूण पडते, आणि शेवटच्या यादींतून तो गळतो. व्यवहारदृष्ट्या हें योग्यच आहे. एका माणसाला दोनदां कोण सांगत बसणार? पण शिरीषकुमाराच्या चार साथीदारांचें काय झालें याचें इतकें नेमकें स्पष्टीकरण आम्हांस कोणत्याही इतिहासाच्या ग्रंथांत मिळालें नव्हतें. त्यांचा उल्लेख झालेला आहे, म्हणून ते यादींत नाहींत.

आतां ज्या कृतीमुळें हा लेख लिहावासा वाटला तिच्याकडे वळूं. वर सांगितलेल्या विद्यार्थ्यानें इन्फॉर्मचा नमुना पुढें ठेवून एका लहान प्रोग्रामांत मराठी संवादकथा रचली. स्थळ, मिरचीची पथारी. नंदुरबारची मिरची ज्यांनीं पाहिली नाहीं त्यांच्यासाठीं सांगतों: हंगामांत शहराबाहेरचीं मैदानें ओल्या लाल मिरचीनें झांकून जातात, ती उन्हांत वाळवावयाची, निवडावयाची, देठ खुडावयाचे, आणि हें काम मुख्यतः बायका करतात. त्यांतील पुष्कळजणी सातपुड्याकडील पाड्यांतून आलेल्या असतात. हवेंत असा खकाणा असतो कीं नवख्या माणसाला पांच मिनिटांत शिंका आवरत नाहींत. कथेचें पहिलें वाक्य असें होतें: ‘येथें मालक, मुनीम, वजनकांटा आणि बारा मजूर बायका आहेत.’

आम्ही तें वाक्य दोनदां वाचलें. यंत्र माणूस आणि वस्तू एकाच यादींत घालतें, हें खरें; पण कांट्याचा क्रम बायकांच्या आधीं लागावा यांत यंत्राचा कांहीं हात नव्हता. आम्हीं आज्ञा लिहिली, ‘बाईशीं बोल’. यंत्रानें कोणती म्हणून विचारलें नाहीं. बारांपैकीं कोणी एक निवडली गेली, आणि उत्तर मिळालें नाहीं. मुनिमाशीं बोललों तर त्यानें भाव, ओलावा, व्यापारी, अवकाळी पाऊस यांवर आठ-दहा वाक्यें सुनावलीं. आम्हीं लेखकाला विचारलें, बाराच कां? तो म्हणाला, ‘सर, गाडींत तेवढ्याच बसतात.’

हें उत्तर आमच्या मनांत घर करून राहिलें आहे. संख्या खोटी नव्हती. ती गाडीच्या मापानें घेतलेली होती, माणसांच्या मापानें नव्हे. ज्या जिल्ह्यांत २०११ च्या जनगणनेप्रमाणें शंभरांतील सुमारें ६९ माणसें अनुसूचित जमातींचीं आहेत, त्या जिल्ह्यावर लिहिल्या जाणाऱ्या मराठी गद्यांत तीं माणसें बहुतेक वेळां अशींच येतात: चार भिल्ल, कांहीं पावरा बायका, एक आदिवासी तरुण. कथेंत गर्दी हवी असली कीं तीं येतात, आणि कथेला सुरुवात झाली कीं मागें सरतात. वाहरू सोनवणे यांनीं आपल्या ‘स्टेज’ या कवितेंत मंचावर कोणाला बोलावलें गेलें आणि कोणाला नाहीं हा प्रश्न आमच्या याच भागांतून उभा केला, त्यालाही आतां बरीच वर्षें झालीं. कविता गाजली, अभ्यासक्रमांबाहेरही वाचली गेली. पण गद्यलेखकांच्या यादीचा क्रम तिनें फारसा बदलला असें आम्हांस दिसत नाहीं.

महिन्याभरानें विद्यार्थ्यानें दुसरी प्रत आणली. टीका त्यानें मनावर घेतली होती, जरा अधिकच. आतां बाराहि बायकांना नांवें होतीं, आणि पहिल्या पडद्यावर तीं एकापुढें एक सर्व छापलेलीं होतीं. वाचणारा चौथ्या नांवावर थकतो, सातव्यावर डोळे खालीं सरकवितो. मुनिमाचें हजेरीचें पुस्तक याहून रोचक असेल, असें आम्ही बोलून गेलों. तें कठोर होतें, पण चुकीचें नव्हतें. नांव देणें म्हणजे न्याय करणें अशी एक भाबडी समजूत अलीकडे फार बोकाळली आहे. यादींतलें नांव हा पुन्हां आंकडाच. फक्त तो अक्षरांत लिहिलेला. ‘वगैरे’ला उत्तर म्हणून हजेरीपट पुढें करणारा लेखक वाचकाच्या स्मरणशक्तीवर बोजा टाकतो, आणि स्वतः निर्दोष सुटतो.

मग करावें काय? याच्या शोधांत आम्ही आपल्या जुन्या ग्रंथांकडे वळलों, आणि तेथें दोन टोकें दिसलीं. गीतेच्या पहिल्या अध्यायांत दुर्योधन आपल्या सैन्याचें वर्णन द्रोणाचार्यांना ऐकवितो. सात वीरांचीं नांवें झाल्यावर तो उरलेल्यांस ‘आणखी पुष्कळ शूर’ या अर्थाच्या शब्दांत गुंडाळतो, आणि लगेच सांगतो कीं त्यांनीं माझ्यासाठीं जिवावर उदार होऊन शस्त्रें घेतलीं आहेत. ज्यांनीं जीव द्यावयाचा तेच नेमके अनामिक! व्यासांनीं दुर्योधनाचा स्वभाव दाखविण्यास याहून मोठा प्रसंग योजावयास नको होता. दुसरें टोक म्हाइंभटांच्या लीळाचरित्राचें. तेराव्या शतकांतील या ग्रंथांत श्रीचक्रधरांच्या भोंवतीं वावरणारीं माणसें, एखादा प्रश्न विचारण्यापुरतीं आलेलीं सुद्धां, बहुधा नांवानिशीं येतात; बाइसा, महदाइसा, उमाइसा या स्त्रियांच्या बोलण्याचा ठसाही वेगवेगळा उमटतो. आणि तरीही ग्रंथ हजेरीपट होत नाहीं. कारण माइंभट सर्वांना एकदम उभें करीत नाहीं. जी बोलते तिचें नांव तेव्हां येतें. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) हीच रीत पाळते. मास्तर वाडींत येतो तेव्हां ती त्याला एक वस्ती म्हणून दिसते. कारभारी, आयबू, आनंदा रामोशी हे पुढें त्या वस्तींतून एकेक करून सुटे होतात. समूह आधीं दिसावा आणि जवळ गेल्यावर विरघळावा, हेंच तर आपल्या डोळ्यांच्या अनुभवाचें स्वरूप आहे.

रंगभूमीवर याची पराकाष्ठा ‘घाशीराम कोतवाल’ या १९७२ सालच्या नाटकांत झाली. ओळीनें उभ्या असलेल्या ब्राह्मणांची ती भिंत. ती पडदाही होते, पुण्याचें नगरही होतें, आणि क्षणांत तिच्यांतील एकजण पात्र होऊन पुढें येतो व पुन्हां भिंतींत मिसळतो. तेंडुलकरांना समूहाच्या अनामिकपणाचा उपयोग करावयाचा होता, आणि तो त्यांनीं जाणूनबुजून केला. म्हणून समूह करणें हें मुळांतच पाप आहे असें आम्ही म्हणत नाहीं. ज्या समूहांत शिरतां येत नाहीं, ज्याला हांक मारली असतां कोणीच वळून पाहत नाहीं, तो समूह वाङ्मयाच्या दृष्टीनें मेलेला आहे, एवढेंच आमचें म्हणणें. कादंबरींत हा दोष झांकतां येतो, कारण वाचकाला प्रश्न विचारण्याची सोय नसते. संवादकथेंत तो पहिल्या आज्ञेलाच उघडा पडतो. या वाङ्मयप्रकाराचें आम्हांस महत्त्व वाटतें तें यासाठीं. त्यांतील कोडीं आणि खजिने यांविषयीं आम्हांस विशेष ममत्व नाहीं.

इन्फॉर्ममध्यें समूह करण्याची स्वतंत्र सोय आहे. यादी छापण्यापूर्वीं अमुक अमुक एकत्र घ्यावे, आणि त्यांना अमुक शब्दांत सांगावें, अशी आज्ञा लेखक देऊं शकतो. त्यांतील प्रत्येकजण मात्र आंतून स्वतंत्रच राहतो. पडद्यावर ‘तिघी’ दिसल्या तरी प्रत्येकीला स्वतःचें नांव, स्वतःचें वर्णन, स्वतःचें उत्तर असूं शकतें. ‘जात’ आणि ‘जमाव’ यांतील हा भेद यंत्राच्या व्याकरणांत इतका स्वच्छ आहे कीं आमच्या समीक्षेनें तो उसना घ्यावा. जात आंतूनच एकसारखी असते. जमाव बाहेरून, पाहणाराच्या अंतरामुळें, एकसारखा दिसतो.

मराठीचें व्याकरण मात्र या कामीं लेखकाला सुखानें बसूं देत नाहीं, आणि तें एका परीनें बरेंच आहे. आपल्याकडे अनेकवचन हें केवळ संख्येचें चिन्ह नसून मानाचेंही आहे. ‘पाटील ओट्यावर बसले आहेत’ यांत पाटील एकच. ‘गडी दाराशीं उभा आहे’ यांत गडीही एकच. परंतु ‘येथें पाटील, त्यांचे जावई आणि गडी आहेत’ असें यादीचें वाक्य केलें कीं पाटलांच्या पंगतीला बसून गड्यालाही ‘आहेत’ मिळून जातें! त्याला स्वतंत्र वाक्य द्यावें तर मान जातो, यादींत ठेवावें तर ओळख जाते. स्त्रीपुरुष एकत्र आले म्हणजे क्रियापद नपुंसकलिंगी होतें: ‘नवराबायको बांधावर बसलीं आहेत.’ हा नपुंसकलिंगाचा मोठा जिव्हाळ्याचा उपयोग आहे. पण मालक आणि मजूर बायका यांना एका क्रियापदांत बसवून पहा. ‘उभे’ म्हणावें तर बायकांवर अन्याय, ‘उभ्या’ म्हणावें तर मालक रागावणार, आणि ‘उभीं’ म्हणावें तर दोघांचें लग्न लागल्यासारखें वाटतें. लेखक निमूटपणें दोन वाक्यें करतो. शिवाय विभक्तीपूर्वीं नामाचें रूप बदलतें. पाटील ‘पाटलांना’ होतो, सासू अनेक झाल्या कीं ‘सासवांना’ होतात, आणि हीं सारीं रूपें यंत्राला आधीं पढवावीं लागतात. आमच्या विद्यार्थ्याचे दोन आठवडे यांतच गेले.

आमच्या एका सहकाऱ्यांचें म्हणणें पडलें कीं हा सर्व प्रोग्रामिंगचा तांत्रिक प्रश्न आहे, मराठीच्या प्राध्यापकानें त्यांत वेळ घालविण्याचें कारण नाहीं. वृत्ताच्या मात्रा मोजणें तांत्रिक नव्हे आणि पात्रांची मांडणी मोजणें तेवढें तांत्रिक, हा भेद आम्हांस उमगला नाहीं. अधिक वाद केला नाहीं.

तिसरी प्रत गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत हातीं आली. तिचा आरंभ असा: ‘कांट्याशीं मालक आणि मुनीम उभे आहेत. भिंतीच्या सावलींत तिघी देठ खुडीत बसल्या आहेत. वयानें मोठी रुमली, आणि तिच्या दोघी सुना. बाकीच्या उन्हांत. एकीनें पदर नाकावर ओढून घेतला आहे.’ येथें ‘बाकीच्या’ आहेतच. ‘वगैरे’ गेलेला नाहीं. पण आतां त्याला कारण आहे, आणि तें कारण ऊन हें आहे. उन्हाकडे चालत गेलें कीं वर्णन बदलतें. तेथें पांचजणी एका पाड्याच्या निघतात, एक एकटीच दूर बसलेली दिसते, आणि ‘बाईशीं बोल’ म्हटल्यास यंत्र विचारतें, कोणत्या? कोण कोणाजवळ बसली आहे यावरून समूह पडले आहेत, हजेरीच्या पुस्तकावरून नव्हे. वाक्यें साधीं आहेत, क्वचित् कोरडीं. मुनिमाचें बोलणें अजूनही लांबलेलें आहे. त्यांतील निम्मा भाग काढला असता तर कथेला बाध आला नसता.

आमचा एक आक्षेप मात्र कायम आहे. दोघी सुनांचा उल्लेख रुमलीच्या परिच्छेदांत झाला आणि तेवढ्यानें त्या यादींतून गळल्या. म्हणजे साथीदारांची जुनी गोष्ट पुन्हां घडली. लेखकाचें उत्तर असें कीं रुमलीला विचारल्यास ती त्यांचीं नांवें सांगते. खरें आहे, सांगते. परंतु सासूच्या तोंडून नांव कळणें आणि सुनेनें तें स्वतः सांगणें यांत फरक आहे. त्यानें मान हलविली. पटल्याची कीं कंटाळल्याची, हें कळलें नाहीं.

कथेच्या शेवटाकडे एक जागा आहे ती आम्हीं तीन वेळां वाचली. आपण उन्हांतून सावलींत परत येतों, तेव्हां तिघी खालच्या आवाजांत आपसांत बोलत असतात. बोलणें भिलींत आहे. मराठी मजकूर पडद्यावर नंतर येतो, आणि तोही कळ दाबली तरच. आम्हीं कळ दाबली. त्या आमच्याविषयींच बोलत होत्या. नांव त्यांस ठाऊक नव्हतें, त्यांनीं तें विचारलेंही नव्हतें. ‘कांट्याकडचे तिघे’ असें त्या म्हणत होत्या, आणि मालक व मुनीम धरून ते तीन भरत होते.